पिंगळा आणि त्याचा रानातला भाऊ

सायंकाळची आंजेलसची घंटा वाजून गेली, घराघरांत दिवे लागले आणि रोझरीचे सूर ओट्यांवरून अंगणात उतरू लागले, की आमच्या गावात आणखी एक संभाषण सुरू होते. दफनभूमीच्या कुंपणाला लागून एक जुना रायवळ आंबा आहे. त्याच्या खोडाला दोन पुरुष उंचीवर एक ढोली आहे. त्या ढोलीतून पिंगळ्याचे जोडपे बाहेर पडते, फांदीवर शेजारी शेजारी बसते आणि मग ‘चिर्र चिर्र, चिवक चिवक’ असा जो कलकलाट मांडते, तो ऐकून परगावचा पाहुणा दचकल्यावाचून राहत नाही. आमच्या शेजारच्या काकू म्हणत, “ज्या घरात रोझरी होत नाही, त्या घरातले भांडण असेच ऐकू येते.” काका हयात असताना ओट्यावर बसून त्या जोडप्यास शीळ घालीत आणि काकूंकडे पाहून म्हणत, “रोझरी करूनही येते.”

खानापूर तालुक्यातील आमच्यासारख्या खेड्यांत पिंगळा पाहिला नाही असा माणूस मिळणे कठीण. साळुंकीएवढे हे लहानसे घुबड. गोल डोके, पिवळे डोळे, त्यांवर पांढऱ्या भुवया आणि राखी तपकिरी अंगावर, विशेषतः डोक्यावर आणि पाठीवर, तांदळाची कणी उधळावी तसे पांढरे ठिपके. आपण त्याच्याकडे पाहू लागलो की तो मान खालीवर करून आपल्याला न्याहाळतो. जणू काय आपणच कुठल्या झाडावर बसलो आहोत. जुना आंबा, पडकी भिंत, कौलारू छपराखालची पोकळी, काहीही त्यास चालते. रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे जमतात हेही त्याने केव्हाच हेरले आहे. किडे, झुरळे, पाली, उंदीर हा त्याचा आहार. शेतकऱ्याने त्यास पगार द्यावा इतके तो काम करतो. पगाराऐवजी आम्ही त्यास दगड देतो.

ह्या दगडाचे कारण सर्वांस ठाऊक आहे. पिंगळा ज्या घरावर ओरडतो त्या घरातला माणूस जातो, अशी समजूत आहे. आमच्या लहानपणी पिंगळा ह्याच नावाचा एक जोशीही गावात येई. पहाटेच्या अंधारात हातात कंदील घेऊन तो दारोदार फिरे आणि आपणास पिंगळ्याची भाषा कळते असे सांगून घरोघरचे भविष्य वर्तवी. ख्रिस्ती घरांत भविष्य ऐकणे निषिद्ध, हे आम्हांस धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करून घेतले होते. तरी आमची आजी मागीलदारी जाऊन त्याच्या झोळीत मूठभर तांदूळ टाकीत असे, आणि तांदूळ टाकायला तिला नेमका तो बोलत असतानाच वेळ मिळे!

वास्तविक पवित्र शास्त्रात घुबडाचा उल्लेख अनेकदा आला आहे. लेवीयच्या अकराव्या अध्यायात त्याची गणना अशुद्ध पक्ष्यांत केली आहे. पण ते खाऊ नये एवढेच तेथे सांगितले आहे, त्यास मारावे असे कोठेही सांगितलेले नाही. आणि एकशे दोनाव्या स्तोत्रात तर दुःखाने पोळलेला भक्त देवासमोर स्वतःलाच ओसाड जागेतल्या घुबडाची उपमा देतो. पवित्र भूमीत पडक्या भिंतींवर बसणारे जे लहान घुबड आजही दिसते, ते आमच्या पिंगळ्याचे सख्खे नातलग आहे. दोघे एकाच प्रजातीतले. तेव्हा आमच्या आंब्यावरच्या भांडखोर जोडप्याचे नाते थेट स्तोत्रकर्त्याच्या भिंतीपर्यंत पोहोचते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

ते कळण्याआधी जे घडले ते सांगितले पाहिजे.

२०२३ च्या नोव्हेंबरात, म्हणजे मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या त्या महिन्यात, आमच्या गावात तीन मयती झाल्या. पहिले गेले ते शेजारचे काका. पुढच्या पंधरा दिवसांत आणखी दोघे. तिघेही वयोवृद्ध होते, दोघे तर वर्षभर अंथरुणावर होते. परंतु तिन्ही वेळा दफनाच्या वेळी संध्याकाळ झाली आणि तिन्ही वेळा, शेवटची माती टाकली जात असता, आंब्यावरून तो कलकलाट सुरू झाला. आमच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिले. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या अंगणात विषय निघाला. कोणी म्हणाले, ढोलीत धूर करून ती सिमेंटने बुजवावी. दुसऱ्याने त्याहून पुढे जाऊन म्हटले की, झाड म्हातारे झालेच आहे, एक फांदी कुंपणावर कलली आहे; आंबाच उतरवावा आणि लाकडाच्या पैशांतून कुंपणाची भिंत बांधावी. हे दुसरे म्हणणे पुष्कळांस पटले, कारण त्यात भीती आणि हिशेब दोन्हींची सोय होती. फादरांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि म्हणाले, “नाताळ होऊ द्या. मग बसू.”

आम्ही तेथे होतो आणि काही बोललो नाही. आमचा शकुन-अपशकुनावर विश्वास नाही, असे आम्ही चारचौघांत नेहमी सांगत आलो. मग त्या दिवशीच गप्प का राहिलो? त्याचे उत्तर पन्नास वर्षांपूर्वीचे आहे. आम्ही दहाएक वर्षांचे असताना ह्याच आंब्यावरच्या एका पिंगळ्यास बेचकीने मारले होते. कारण काही नव्हते. नेम साधतो की नाही हे पाहायचे होते. तो साधला. पुढे चार-पाच संध्याकाळी दुसरा पिंगळा त्याच फांदीवर एकटा बसून ओरडत राहिला आणि आम्ही उशीत कान दाबून झोपलो. त्या शनिवारी पापनिवेदनाला गेलो तेव्हा आईची आज्ञा मोडली, भावाशी भांडलो, साखर चोरून खाल्ली, हे सर्व सांगितले; पिंगळ्याचे सांगितले नाही. ते पाप आहे असे आम्हांस कोणी शिकविले नव्हते, आणि जे शिकविले नव्हते तेच नेमके छातीत अडकून बसले होते. ज्याच्या हातात कधी बेचकी होती त्याने पाखराची वकिली कोणत्या तोंडाने करावी, असे त्या अंगणात उभे असताना वाटले.

जानेवारी २०२४ च्या अखेरीस आम्ही पुतण्याकडे गेलो. तो मध्य प्रदेशात खंडवा जिल्ह्यात शिक्षक आहे. पुष्कळ दिवस बोलावीत होता. पत्रात नेहमी लिही, “काका, इकडच्या जंगलात एक पिंगळा आहे. तो पाहायला देशोदेशींची माणसे येतात.” आम्ही उत्तर धाडले होते की, पिंगळा पाहायला तीन गाड्या बदलून खंडव्यास कशाला यावे, आमच्या दफनभूमीत दोन आहेत. पण गेलो. आणि त्याने रात्री जेवणे झाल्यावर जी हकीगत सांगितली, ती ऐकून आमची झोप उडाली. पुढे आम्ही ती वाचून पाहिली. तिच्यात अतिशयोक्ती नव्हती.

त्या पिंगळ्याचे नाव रानपिंगळा. कोणी त्यास वनपिंगळा असेही म्हणतात. ज्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम साहेबांनी १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तेच साहेब पक्ष्यांचेही मोठे जाणकार होते. १८७२ साली ब्लेविट नावाच्या गृहस्थांनी आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात एक लहान घुबड मारून त्याचे कातडे ह्यूमकडे पाठविले. दिसायला पिंगळाच, पण कुठेतरी वेगळा. १८७३ मध्ये ह्यूमने त्यास नवी जात म्हणून जाहीर केले, ब्लेविटचे नाव त्यास जोडले आणि ‘निराळे घुबड’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दाने त्याची प्रजातीही स्वतंत्र ठरविली. पुढे खानदेशात डेव्हिडसन नावाच्या एका मुलकी अधिकाऱ्यास सातपुड्याच्या पायथ्याशी हा पक्षी मिळाला. १८८४ पर्यंत जेमतेम काही नमुने जमले. जगातल्या संग्रहालयांत पेंढा भरलेले असे एकूण सातच. आणि त्यानंतर तो पक्षी कोणा अभ्यासकास दिसेनासा झाला. दहा वर्षे नव्हे, वीस नव्हे, एकशे तेरा वर्षे! सालिम अलींसारख्या पक्षितज्ज्ञाने शोधले, अमेरिकेचे डिलन रिप्ली यांनी शोधले, सापडला नाही. मधल्या काळात रानपिंगळा म्हणून जी छायाचित्रे छापली गेली, ती पाहता आपल्या साध्या पिंगळ्याचीच निघाली.

न सापडण्याचे एक कारण ऐकून आम्ही थक्क झालो. रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. पक्षिसंग्राहक म्हणून त्याची कीर्ती फार मोठी. त्याने असे सांगून ठेवले होते की, ऑक्टोबर १९१४ मध्ये तापीकाठी, गुजरातेतील मांडवी येथे, आपण रानपिंगळा मिळविला. सातांपैकी एक नमुना तो हाच. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द! साहजिकच शोधणारे त्या दिशेस जात आणि हात हलवीत परत येत. पुढे पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषीने व नायजेल कॉलर ह्या इंग्रज अभ्यासकाने तो नमुना बारकाईने तपासला. कातडे कसे सोलले, आत काय भरले, टाके कसे घातले, ह्यावरून शिंप्याचा हात ओळखावा तसा नमुना तयार करणाऱ्याचा हात ओळखता येतो. तो हात डेव्हिडसनचा निघाला. माइनर्ट्‌झहॅगनने डेव्हिडसनचा जुना पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून चोरला होता, उसवून पुन्हा भरला होता आणि त्यावर नवी खोटी चिठ्ठी बांधली होती. १९९९ मध्ये हे सर्व पुराव्यानिशी प्रसिद्ध झाले.

सातवी आज्ञा चोरी करू नको म्हणते आणि आठवी खोटी साक्ष देऊ नको म्हणते, हे आम्ही बालपणापासून घोकत आलो. आठव्या आज्ञेचा अर्थ आम्ही नेहमी कोर्टकचेरी आणि शेजारपाजार एवढाच धरला होता. एका पाखराच्या पायात बांधलेली चार बोटांची चिठ्ठी हीदेखील साक्षच आहे, आणि ती खोटी असल्यास तिकडे जंगल तुटत असताना माणसे भलत्याच ठिकाणी हुडकत राहतात, हा विचार कधी मनास शिवला नव्हता.

रासमुसेनबाईंना त्या नमुन्याविषयी संशय आला तेव्हाच त्यांनी मांडवी सोडून दिले आणि उरलेल्या जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवला. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ह्या दोघांसह त्या नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आल्या. पूर्वेकडील जुन्या जागी काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले, आणि २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा उघड्यावर बसलेला त्यांस दिसला. ज्याच्यासाठी शंभर वर्षे रात्री कंदील घेऊन फिरावे असे लोकांस वाटले असते, तो भर उन्हात शेपटी हलवीत बसला होता. आमच्या मते हरवला होता तो ग्रंथांतून. त्या डोंगरात राहणाऱ्या आदिवासी बांधवांच्या डोळ्यांपुढे तो पिढ्यान्‌पिढ्या असलाच पाहिजे. त्यांस कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी त्यांनी ‘पिंगळा आहे’ एवढेच सांगितले असते.

हे ऐकल्यावर तो पक्षी न पाहता परतणे शक्यच नव्हते. पुतण्याने वनखात्याची परवानगी काढली आणि आम्ही कालीभीतच्या जंगलाकडे गेलो. बरोबर एक वनरक्षक होता. बुऱ्हाणपूरकडचा असल्यामुळे मराठी उत्तम बोलत होता. सायंकाळी जंगलाकाठच्या वस्तीत शिरतो न शिरतो तोच मोहाच्या झाडावर आम्हांस एक लहान घुबड दिसले. आम्ही आनंदाने पुतण्याचा दंड धरला आणि म्हणालो, “हाच तो!” वनरक्षक हसला. म्हणाला, “बाबा, डोक्यावर बघा. ठिपके आहेत ना? हा तुमच्याच गावचा.” खरोखरच तो पिंगळा होता. पंचावन्न वर्षे आम्ही ज्यास रोज पाहिले त्यास आम्ही ओळखले नाही, ह्याची मनस्वी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. सागवान पाने गाळून उभे होते आणि वाळक्या पानांवर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होई. ऊन चांगले वर आल्यावर वनरक्षक थांबला आणि त्याने कान टवकारले. दोन तुटक, मऊ सूर आले. त्यांत आमच्या आंब्यावरच्या भांडणाचा मागमूस नव्हता. एका उंच सागाच्या उघड्या शेंड्यावर तो बसला होता. दुर्बीण आमच्या हाती देऊन वनरक्षक हलक्या आवाजात एकेक खूण सांगू लागला. डोके आणि पाठ जवळजवळ साधी. ठिपके असलेच तर पुसट. छाती गडद तपकिरी, तिच्याखाली पोट स्वच्छ पांढरे. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पाय पांढऱ्या पिसांनी बोटांपर्यंत झाकलेले, जणू लोकरीचे पायमोजे घातले आहेत. डोके अंगाच्या मानाने मोठे, चोच दणकट. तो शेपटी डावीउजवीकडे झटकीत होता. एवढ्यात त्याने खाली झेप घेतली आणि पाचोळ्यातून एक सापसुरळी उचलून शेजारच्या झाडावर गेला. सकाळचे नऊ वाजले होते. आमच्या पिंगळ्याचा तेव्हा ढोलीतला मुक्काम सुरू झालेला असतो.

आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. दोघांत फरक म्हणाल तर दोन बोटांचा, आणि म्हणाल तर डोंगराएवढा. ह्यूमने ज्यास निराळ्या प्रजातीत बसविले होते, तो अखेर पिंगळ्याच्याच घराण्यातला ठरला. २०१८ मध्ये जनुकांच्या अभ्यासावरून ते दाखविण्यात आले. म्हणजे हे भाऊच. परंतु एक भाऊ गावात येऊन राहिला, माणसाची भिंत आपली म्हणू लागला, आणि दुसऱ्यास ते जमले नाही. पिंगळा इराणपासून व्हिएतनामपर्यंत सर्वत्र आहे. रानपिंगळा मात्र साऱ्या पृथ्वीवर फक्त मध्य भारतात आहे: सातपुड्याच्या रांगांत आणि सह्याद्रीच्या उत्तर टोकास. १९९७ नंतर शोध करता तो तोरणमाळ, यावल, मेळघाट येथे सापडला. खंडवा-बुऱ्हाणपूरच्या जंगलांत सापडला. गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यात सापडला. २०१४ मध्ये तर ज्या तानसा तलावाचे पाणी मुंबईकर पितात, त्याच्याभोवतीच्या अभयारण्यात तो दिसला आणि सर्वांस अचंबा वाटला.

त्याची अडचण काय ते वनरक्षकाने एका जागी उभे राहून दाखविले. तेथे एका जाड सागाचे बुंधे उरले होते. “ढोली जुन्या झाडालाच असते,” तो म्हणाला, “आणि जुने झाडच आधी जाते. कोणी सरपणाला नेतो, कोणी शेत काढायला.” रानपिंगळ्यास स्वतः ढोली कोरता येत नाही. झाड म्हातारे व्हावे, फांदी कुजून पोकळ व्हावी किंवा सुतारपक्ष्याने घर करून सोडून द्यावे, तेव्हा त्यास खोली मिळते. पिले एक किंवा दोन, फार तर तीन. वणवा लागला, ढोलीचे झाड पडले, की त्या वर्षीचा संसार संपला. तो गावाकडे सरकत नाही. छपराखाली घुसत नाही. (त्यास आम्ही संत ठरवीत आहोत असे मात्र कोणी समजू नये. नर आपल्याच पिलास मारून खातो असेही अभ्यासकांनी पाहिले आहे.)

जगातील पक्ष्यांची जी तांबडी यादी ठेवली जाते, तिच्यात रानपिंगळा पूर्वी अतिसंकटग्रस्त ह्या पायरीवर होता. त्यापुढे वन्य स्थितीतून नाहीसे होणेच उरते. २०१८ मध्ये त्यास एक पायरी वर घेऊन संकटग्रस्त असे म्हटले गेले. पक्षी वाढले असा त्याचा अर्थ नव्हे. नव्या जागा सापडल्या एवढाच. वयात आलेले रानपिंगळे एक हजाराहून कमीच असावेत असा अंदाज आहे. आपल्या एखाद्या मध्यम धर्मग्रामात रविवारी मिस्साला जेवढी माणसे येतात, तेवढी ही साऱ्या जगातील संख्या. आणि त्याच यादीत पिंगळ्यापुढे काळजीचे कारण नाही असा शेरा आहे. तो शेरा जातीविषयी आहे हे खरे. पण आमच्या आंब्यावरचे जोडपे उद्या गेले तर यादीत एका अक्षराचाही बदल होणार नाही, ह्या विचाराने का कोण जाणे, आम्हांस त्या क्षणी बरे वाटले नाही.

परतताना आम्ही वनरक्षकास विचारले की, येथील लोक ह्या पक्ष्यास त्रास देतात काय. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पोरांच्या हातात गलोल असते. पोराला काय ठाऊक, कोणता पिंगळा आणि कोणता रानपिंगळा? मांत्रिकाला काय ठाऊक? घुबड वाईट, एवढेच त्यांना ठाऊक.”

हे वाक्य आम्ही आगगाडीत बसून पुन्हा पुन्हा आठवीत होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपिंगळ्यास पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, बसविले आहे; आणि कोणतेही घुबड मारणे अथवा विकणे हा ह्या देशात गुन्हाच आहे. तरीही २०१० साली घुबडांच्या चोरट्या व्यापाराविषयी जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात भारतातील तीस जातींपैकी पंधरा जाती विकल्या जात असल्याचे नमूद आहे, आणि जादूटोणा हे त्यामागील मोठे कारण. आम्ही ख्रिस्ती लोक त्यात नाही, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. आमच्या दारावर लिंबू-मिरची नसते हे खरे. पण पिंगळा ओरडला की आमचा हात आपोआप कपाळाकडे जातो आणि आम्ही क्रूसाची खूण करतो. ती प्रार्थना असते की भीती, हे देवच जाणे. दुर्मिळ पाखरास वाचवायचे आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या साध्या पाखरास हाकलायचे, हे एका गावात चालू शकेल, कारण आमच्याकडे रानपिंगळा नाहीच. पण सातपुड्यातला मुलगा गलोल ताणतो तेव्हा त्यास दोन्ही सारखेच दिसतात, जसे आम्हांस त्या मोहाच्या झाडावर दिसले. तेथे रानपिंगळ्याचे बरेवाईट पिंगळ्याच्याच नावावर अवलंबून आहे. आणि ते नाव वाईट करण्यास आमच्यासारख्या कैक गावांनी हातभार लावला आहे.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, १८ फेब्रुवारीस, देवळाच्या अंगणात पुन्हा सर्व बसले. लाकूड घेणारा व्यापारी आधीच येऊन झाड पाहून गेला होता. आम्ही उठलो. रानपिंगळ्याची हकीगत सांगण्याची पुष्कळ तयारी करून गेलो होतो. ह्यूम, डेव्हिडसन, एकशे तेरा वर्षे, सर्व मुखोद्गत होते. पण तोंड उघडले आणि भलतेच निघाले. आम्ही म्हणालो, “ह्या आंब्यावरचा एक पिंगळा आम्ही लहानपणी मारला आहे. त्यानंतर आमच्या घरात वीस वर्षे कोणी मेले नाही. तो ओरडल्याने माणसे जात असती, तर तो मेल्यावर आम्ही त्याचे आभार मानले असते. आम्हांस आजवर त्याची लाज वाटते.” एवढे बोलून आम्ही खाली बसलो. रानपिंगळ्याचे सांगावयाचे राहूनच गेले. कोणी हसले, कोणी खाकरले. एक तरुण म्हणाला, “काका, तुमचे ठीक आहे. पण लोक घाबरतात त्याचे काय?”

तेव्हा बायकांच्या बाजूने शेजारच्या काकू बोलल्या. काका गेल्यापासून त्या चारचौघांत बोलल्याच नव्हत्या. “ह्यांनी चाळीस वर्षे त्याला शीळ घातली,” त्या म्हणाल्या. “तो चाळीस वर्षे ओरडला. हे एकदाच गेले.”

ह्यावर कोणी काही बोलले नाही. फादरांनी वही उघडली. कुंपणावर कललेली फांदी तेवढी काढावी, खोडास आणि ढोलीस हात लावू नये, असे ठरले. भिंतीसाठी वर्गणी काढावी असेही ठरले. ती अद्याप पुरी जमलेली नाही, आणि ज्यांनी आंबा विकण्याचा आग्रह धरला होता ते अधूनमधून आम्हांस त्याची आठवण करून देतात. फांदी काढण्याच्या दिवशी आम्ही सकाळपासून झाडाखाली उभे होतो. करवत लावली तेव्हा ढोलीच्या तोंडाशी एक गोल डोके क्षणभर दिसले आणि आत गेले.

त्यानंतर आठवड्याभराने सायंकाळी आम्ही काकूंच्या ओट्यावर बसलो होतो. आंजेलस होऊन गेली होती. आंब्यावरून आवाज आला, पण रोजच्यासारखा नव्हे. काकूंनी जपमाळेचा मणी बोटात धरून ठेवला आणि कान दिला.

“आज एकटाच ओरडतोय,” त्या म्हणाल्या. “दुसरा उडून गेला की काय हो?”

“मादी अंड्यांवर बसली असेल,” आम्ही म्हणालो. “हे दिवस त्यांचे अंड्यांचेच.”

काकूंनी अंधारात आंब्याकडे पाहिले. काका घालीत तशी शीळ त्यांना घालता येत नाही. त्यांनी ओठ आवळून पाहिले, नुसती हवा निघाली. मग त्यांनी पुढचा मणी धरला.